दुरून साथ देताना: इंग्रजीच्या शिक्षकांना ऑनलाइन मदत कशी करावी

इंग्रजी शिकवणाऱ्या शिक्षकाचा एकटेपणा वेगळाच असतो. जी भाषा शिकवायची, ती बोलायला त्यांना दिवसभरात दुसरं माणूस भेटत नाही. शाळेत इंग्रजीचे तास घेणारे बहुतेक वेळा ते एकटेच. प्रशिक्षण झालंच तर कधीतरी, दोन-तीन दिवसांचं. तिथे पाहिलेलं तंत्र आपल्या वर्गात करून बघताना अडलं, तर विचारायचं कोणाला? ऑनलाइन साथ खरी उपयोगी पडते ती या ठिकाणी. तुम्हाला इंग्रजी शिकवण्याचा अनुभव असेल आणि आठवड्याला तास-दीड तास मोकळा असेल, तर तुम्ही हे काम करू शकता. ते कसं सुरू करायचं, हे मी माझ्या अनुभवावरून पायरीपायरीने सांगतो.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, कारण नवे लोक नेमके इथेच वाट चुकतात. ही साथ म्हणजे स्क्रीनवरून दिलेलं व्याख्यान नव्हे. ब्रूस जॉयस आणि बेव्हर्ली शॉवर्स या अभ्यासकांनी 1980च्या दशकातच दाखवून दिलं होतं की नवं तंत्र समजावून सांगितलं, करून दाखवलं, तिथल्या तिथे सरावही करून घेतला, तरी ते वर्गापर्यंत क्वचितच पोचतं. शिक्षक ते वर्गात करून बघत असताना कोणीतरी सोबत राहिलं, तर पोचतं. आपल्याला ते सोबत राहणारं माणूस व्हायचं आहे.

पहिली पायरी: पहिला कॉल फक्त ऐकण्यासाठी

पहिल्या कॉलला काहीही शिकवू नका. पीपीटी नको, लिंका नकोत. वर्गात मुलं किती, बाकं कशी मांडलेली आहेत, तास किती मिनिटांचा, पुस्तकातला कुठला पाठ चालू आहे, परीक्षेत काय विचारतात, हे सगळं विचारा. मग एकच मोठा प्रश्न: “गेल्या आठवड्यातला तुमचा एखादा तास सांगाल? दारातून आत शिरल्यापासून.” या एका प्रश्नातून जेवढं कळतं, तेवढं कुठल्याही प्रश्नावलीतून कळत नाही. काही जण टाचण वाचून दाखवतात. त्यांना मधे थांबवू नका, फक्त शेवटी विचारा, “आणि प्रत्यक्षात काय झालं?”

शिक्षकाचं स्वतःचं इंग्रजी किती पक्कं आहे, हे या कॉलमध्ये तपासायला जाऊ नका. कौन्सिल ऑफ युरोपने 2001 साली प्रसिद्ध केलेली भाषा किती येते ते सांगणारी, ए1 ते सी2 अशी सहा पातळ्यांची चौकट तुम्हाला माहीत असेल, पुढे तिचा उपयोगही होईल. पण पहिल्याच भेटीत परीक्षा घेतल्यासारखं वाटलं, की समोरचं माणूस मिटतं. ते पुन्हा उमलायला दोन-दोन महिने जातात.

हा कॉल कोणत्या भाषेत करायचा? ज्या भाषेत शिक्षक मोकळेपणाने बोलतील त्या भाषेत. तुम्हाला ती येत नसेल, तर सोपं इंग्रजी वापरा, सावकाश बोला आणि लिहून पाठवायची मुभा द्या.

दुसरी पायरी: समोरच्याच्या रेंजला धरून साधन निवडा

आपल्या घरी नेट चांगलं असतं, म्हणून आपण सरळ व्हिडिओ कॉलची लिंक पाठवतो. समोर मात्र शाळेच्या जिन्यात एका कोपऱ्यात कुठेतरी रेंज येते. म्हणून साधन ठरवायचं ते त्यांच्याकडची परिस्थिती बघून.

थोडा हिशेब करू. झूमने दिलेल्या आकड्यांनुसार नुसत्या आवाजाला साधारण 60 ते 80 केबीपीएस (म्हणजे सेकंदाला इतके किलोबिट) एवढा वेग पुरतो. दोघांमधल्या चांगल्या प्रतीच्या व्हिडिओला मात्र 600 केबीपीएस लागतो. म्हणजे तासाभराच्या आवाजाला फार तर 36 एमबी आणि तेवढ्याच वेळाच्या व्हिडिओला 270 एमबी, तेही फक्त एका दिशेचे. डेटाचे पैसे शिक्षक स्वतःच्या खिशातून भरतात, हे विसरू नका. माझी पद्धत अशी: सुरुवातीची दोन मिनिटं चेहरे दिसू द्यायचे, मग दोघांनीही कॅमेरा बंद करायचा. आपुलकीसाठी दोन मिनिटं पुरेशी असतात.

उच्चारांवर काम करायचं असेल, तर साध्या फोन कॉलवर अवलंबून राहू नका. पारंपरिक फोन लाइनवरून 300 ते 3400 हर्ट्झ (म्हणजे सेकंदाला इतकी कंपनं) एवढाच आवाज जातो, आणि ‘स’ व ‘फ’ यांना वेगळं करणारा भाग बराचसा त्याच्या वर असतो. फोनवर स्पेलिंग सांगताना ‘एफ’ म्हटलं तर पलीकडे ‘एस’ ऐकू येतं, ते यामुळेच. ‘सिट’ आणि ‘फिट’ यांतला फरक अशा कॉलवर शिकवायला बसलात, तर दोघंही दमाल. त्यापेक्षा शांत जागी बसून आवाज रेकॉर्ड करा आणि फाइल पाठवा. शिक्षकांना ती दहा वेळा ऐकता येते, वर्गातही वाजवता येते.

जिथे नेट अजिबातच नाही, तिथेही वाट निघते. बांगलादेशात 2008 साली सुरू झालेल्या ‘इंग्लिश इन ॲक्शन’ या कार्यक्रमात शिक्षकांना मोबाइलच्या मेमरी कार्डवर ऑडिओ आणि व्हिडिओ भरून दिले होते. ते बघायला इंटरनेट लागत नव्हतं. आपणही महिन्यातून एकदा, रेंजमध्ये असताना, महिनाभर पुरेल एवढं साहित्य उतरवून घ्यायला सांगू शकतो.

तिसरी पायरी: चार गोष्टी आधीच ठरवा

वार आणि वेळ ठरवा. दर आठवड्याला 30 मिनिटं पुरतात, पण ती चुकवू नका. दोन वेगळ्या देशांत असाल तर वेळ नेहमी त्यांच्या घड्याळाप्रमाणे लिहा. काही देश वर्षातून दोनदा घड्याळं तासभर पुढे-मागे करतात, त्या आठवड्यात आदल्या दिवशी आठवण द्या.

कॉल सोडून इतर वेळी आलेल्या प्रश्नांना किती वेळात उत्तर द्याल, तेही सांगून ठेवा. “दोन दिवसांत देईन” म्हटलं की दोन दिवसांत द्याच.

तिसरी गोष्ट गुप्ततेची, आणि सगळ्यात महत्त्वाची. आपल्यात जे बोलणं होईल ते मुख्याध्यापकांकडे, अधिकाऱ्यांकडे, इतर शिक्षकांकडे जाणार नाही, हा शब्द स्पष्ट द्या. एकदा मी ज्यांच्यासाठी काम करत होतो, त्यांनी मधेच प्रत्येक शिक्षकाला गुण देऊन अहवाल मागितला. मी तो दिला. पुढच्याच आठवड्यापासून माझ्याकडे फक्त आदर्श तासांच्या क्लिपा यायला लागल्या, मुलांनी पाठ करून ठेवलेल्या. ते काम तिथेच संपलं होतं, हे कळायला मला उशीर लागला. तुमच्याकडे कोणी असा अहवाल मागितला, तर किती कॉल झाले आणि कोणत्या विषयांवर झाले एवढंच द्या. त्यापुढचं त्या शिक्षकांचं आहे.

चौथी गोष्ट मुलांची. वर्गातलं काहीही रेकॉर्ड करण्याआधी शाळेची परवानगी आणि पालकांची संमती हवी. बहुतेक कामाला नुसता आवाज पुरतो, त्यामुळे चेहरे येतच नाहीत. काम झालं की फाइल पुसून टाका आणि पुसल्याचं कळवा.

चौथी पायरी: महिन्याला एकच गोष्ट

“मुलांना इंग्रजी बोलता यावं” हे ध्येय ठीक आहे, पण त्यावर मंगळवारच्या तासाला काय करायचं ते कळत नाही. ते लहान करत करत न्या. मुलं कधी बोलत नाहीत? प्रश्न विचारल्यावर. कुठला प्रश्न? धड्यावरचा. मग या महिन्यात फक्त धड्यावरचे प्रश्न कसे विचारायचे, एवढंच बघू.

हे सोपं वाटतं, पण करताना मन आवरावं लागतं. मी सुरुवातीला एका शिक्षिकेच्या पहिल्याच क्लिपवर 14 सूचना लिहून पाठवल्या होत्या. प्रत्येक सूचना बरोबर होती. त्यांचं उत्तर तीन आठवडे आलं नाही, आणि आलं तेव्हा एवढंच होतं: “सर, मी प्रयत्न करते.” तेव्हापासून मी सगळं माझ्या वहीत लिहितो आणि त्यातलं एकच पाठवतो. बाकीचं वहीत थांबतं. त्यातलं निम्मं पुढे शिक्षक आपणहून सुधारतात.

पाचवी पायरी: तासाचा तुकडा ऐका

पूर्ण तास मागवू नका. पाच ते सात मिनिटांचा आवाज पुरतो आणि कोणती मिनिटं द्यायची ते शिक्षकांना निवडू द्या. फोन कुठे ठेवायचा हे मात्र नीट सांगा. खिशात ठेवला तर शिक्षकाचा आवाज आणि कापडाची खरखर, एवढंच येतं. मधल्या रांगेतल्या बाकावर, खाली वही किंवा रुमाल घालून ठेवला, की मुलं ऐकू येतात. आपल्याला मुलंच ऐकायची असतात.

एका शिक्षिकेची तक्रार होती, “माझी मुलं तोंडच उघडत नाहीत.” त्यांची सहा मिनिटांची क्लिप मी हातात घड्याळ घेऊन ऐकली. धडा एका मुलाच्या पळापळीचा होता. त्यांनी विचारलं, “व्हाय डिड द बॉय रन?” सेकंदभर शांतता. मग तोच प्रश्न पुन्हा, जरा मोठ्याने. पुन्हा सेकंदभर. मग मुलांच्या भाषेत त्याचा अर्थ. आणि लगेच, मुलांनी श्वास घ्यायच्या आत, त्यांचंच उत्तर: “बिकॉज ही सॉ अ डॉग. येस?” वर्ग एका सुरात म्हणाला, “येस टीचर!” सहाही मिनिटं असंच चाललं होतं.

“तुम्ही थांबत नाही” असं मी त्यांना सांगितलं नाही. त्याच क्लिपमधला 40 सेकंदांचा तुकडा कापून पाठवला आणि लिहिलं: “प्रत्येक प्रश्न संपला की सेकंद मोजा. पुढचा आवाज कोणाचा येतो, तो किती सेकंदांनी येतो, एवढंच लिहून पाठवा.” रात्री त्यांचा मेसेज आला: “सगळे आवाज माझेच आहेत.”

मग मात्र मी त्यांना मेरी बड रो यांच्या कामाबद्दल सांगितलं. या अमेरिकन संशोधकांनी 1970च्या दशकात विज्ञानाच्या वर्गांमधलं बोलणं असंच मोजलं होतं. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एक सेकंदच थांबत. ते थांबणं तीन सेकंदांवर नेल्यावर मुलांची उत्तरं लांबली आणि एरवी गप्प बसणारी मुलंही बोलायला लागली. दुसऱ्या भाषेत उत्तर द्यायचं तर मुलाला आधी प्रश्न समजून घ्यायचा, मग उत्तर शोधायचं, मग शब्द जुळवायचे. त्याला तर ही तीन सेकंदं फारच हवीत.

पुढच्या आठवड्यात त्या शिक्षिकेने हात पाठीमागे घेऊन एकेक बोट मिटत तीनपर्यंत मोजलं. क्लिपमध्ये ती शांतता ऐकताना मलाही अवघडल्यासारखं झालं. चौथ्या सेकंदाला मागच्या बाजूने एक बारीक आवाज आला: “डॉग... डॉग कमिंग.”

ही क्लिप पुढच्या महिन्याचा विषयच घेऊन आली. त्या मुलाचं वाक्य अर्धवट होतं. ते सुधारायचं का, आणि कसं? बहुतेक शिक्षक पटकन पूर्ण वाक्य म्हणून पुढे जातात: “येस, अ डॉग वॉज कमिंग.” रॉय लिस्टर आणि लैला रांटा यांनी 1997 साली प्रसिद्ध केलेल्या कॅनडातल्या फ्रेंच माध्यमाच्या वर्गांच्या अभ्यासातही हेच दिसलं होतं. चूक दुरुस्त करण्याच्या सगळ्या पद्धतींत ही पद्धत सर्वांत जास्त वापरली जात होती आणि मुलं सर्वांत कमी प्रतिसाद तिलाच देत होती. आपलं वाक्य सुधारलं गेलंय हे त्यांच्या लक्षातच येत नसे. शिक्षकाने “अ डॉग...?” एवढं म्हणून थांबलं, की मूल पुढचं स्वतः जुळवायला बघतं. हे वाचून दाखवण्यापेक्षा त्या शिक्षिकेला मी एवढंच विचारलं, “तुम्ही दुरुस्त केल्यावर त्याने वाक्य पुन्हा म्हटलं का?” त्यांनी क्लिप पुन्हा ऐकली.

सहावी पायरी: कॉलवर काय बोलायचं

30 मिनिटांपैकी निम्म्याहून जास्त वेळ शिक्षकांनी बोलायला हवं. हे जमतंय का ते बघायचं असेल, तर एखादा आपला कॉल त्यांच्या परवानगीने रेकॉर्ड करून ऐका. वर्गात थांबायला सांगणारे आपण स्वतः किती थांबतो, ते कळतं.

सुरुवात नेहमी “यातलं तुम्हाला काय आवडलं?” इथून करा. “छान होतं” असं मोघम कौतुक नको. “दुसऱ्या मिनिटाला तुम्ही त्या मुलीला चित्राकडे बोट दाखवायला सांगितलंत, तिथे तिला शब्द सापडला,” असं नेमकं बोला. मग त्यांना खटकलेली एक जागा त्यांनीच सांगायची. त्यांना ती दिसत नसेल, तेव्हाच आपण दाखवायची. आणि फोन ठेवण्याआधी पुढच्या तासात करून बघायची एक गोष्ट त्यांच्या तोंडून यायला हवी, वारासकट: “गुरुवारी, पाचव्या धड्याला, जोड्या करून.” तुम्ही सुचवलेली गोष्ट वर्गात होईलच असं नाही, त्यांनी ठरवलेली बहुधा होते.

कॉल संपल्यावर चार ओळींचा मेसेज पाठवा: आज काय ठरलं, कधी करायचं, पुढचा कॉल कधी. हे टाळू नका. शिक्षक सकाळी तासाला जाताना तेवढंच वाचतात.

शिक्षकांचं स्वतःचं इंग्रजी

हा सगळ्यात नाजूक भाग. बऱ्याच शिक्षकांना मनातून आपल्या इंग्रजीची लाज वाटत असते, आणि तासभर पुस्तकातलं भाषांतर करत राहण्याचं खरं कारण पुष्कळदा तेच असतं. हा विषय तुम्ही काढू नका, पण त्यांनी काढला की हलक्यात घेऊ नका.

व्याकरणाचा वेगळा वर्ग लावण्यापेक्षा, वर्गात लागणारं इंग्रजी आधी पक्कं करा. सूचना देणं, प्रश्न विचारणं, कौतुक करणं, गडबड थांबवणं यांसाठी 20-25 वाक्यं पुरतात: “वर्क इन पेअर्स.” “हू हॅज अ डिफरंट आन्सर?” “से इट अगेन, अ बिट लाउडर.” आठवड्याला तीन वाक्यं आवाजात पाठवा, शिक्षकांनी ती म्हणून परत पाठवायची. आघाताकडे लक्ष द्या. ‘फोटोग्राफ’मध्ये जोर पहिल्या भागावर असतो, ‘फोटोग्राफी’मध्ये तो दुसऱ्या भागावर सरकतो. अशी एक जोडी नीट कानात बसली, की पुढच्या जोड्या शिक्षक स्वतः शोधून पाठवतात.

आपल्यापेक्षा शिक्षकांना कमी इंग्रजी येतं म्हणून वर्ग थांबत नाही, याचं एक मोठं उदाहरण उरुग्वेचं आहे. तिथे 2012 साली ‘सेइबाल एन इंग्लेस’ हा शाळांमध्ये पडद्यावरून इंग्रजी शिकवण्याचा कार्यक्रम सुरू झाला. वर्गात नेहमीचे शिक्षक, ज्यांना पुष्कळदा इंग्रजी फारसं येत नसे, आणि पडद्यावर दूरच्या शहरातले किंवा दुसऱ्या देशातले इंग्रजीचे शिक्षक. आठवड्याचा एक तास पडद्यावरचे शिक्षक घेत, उरलेले सरावाचे तास वर्गातले शिक्षक स्वतः घेत. मुलांसमोर शिकायला संकोच न करणारे ते शिक्षक मला फार मोलाचे वाटतात. तुमच्या शिक्षकांना हे जरूर सांगा.

गट करायचा तर

एकट्या-एकट्याशी दोन-तीन महिने काम झाल्यावरच पाच-सहा शिक्षकांचा गट करा. एकाच शाळेतले दोघं असतील तर उत्तम, ते मधल्या सुट्टीतही बोलतात. गटात शुभेच्छा आणि फॉरवर्ड नकोत, हे पहिल्याच दिवशी ठरवा. दर आठवड्याला एका शिक्षकाने आपली दोन मिनिटांची क्लिप टाकायची आणि इतरांनी त्यावर एकेक प्रश्न विचारायचा, सल्ला द्यायचा नाही. पहिली क्लिप तुमच्या स्वतःच्या तासाची असू द्या, तीही फसलेल्या तासाची.

उत्तर येईनासं झालं तर

शिक्षक मधेच गप्प होतात. परीक्षा, निवडणुकीचं किंवा जनगणनेचं काम, घरचं आजारपण, फोन बिघडणं, यांतलं काहीही असू शकतं. “तुम्ही काम पाठवलं नाही” असा मेसेज करू नका. “या आठवड्यात नुसतं पाच मिनिटं बोलू का? काही पाठवायचं नाही” असं विचारा. त्यालाही उत्तर आलं नाही, तर दोन आठवड्यांनी पुन्हा एकदा विचारा आणि दार उघडं ठेवा. माझ्याबरोबर काम केलेल्या एक शिक्षिका सात महिन्यांनी परतल्या आणि जिथे थांबल्या होत्या तिथूनच पुढे सुरू केलं.

काम होतंय हे कसं ओळखायचं

पहिल्या महिन्यातली एक क्लिप, शिक्षकांची परवानगी घेऊन, जपून ठेवा. चौथ्या महिन्यात त्याच वर्गाची, तशाच धड्यावरची नवी क्लिप घ्या आणि दोन्ही शिक्षकांसोबत एकापाठोपाठ ऐका. मुलांचे किती आवाज येतात, किती वेगवेगळी मुलं बोलतात, एका शब्दापेक्षा मोठी उत्तरं किती, एवढं दोघांनी मिळून मोजा. मग दोन्ही फाइली पुसून टाका.

याच सुमाराला कॉल आठवड्याऐवजी पंधरा दिवसांनी करायला सुरुवात करा, पुढे महिन्याने. पुढचा विषय काय घ्यायचा हे तोवर शिक्षक तुम्हाला सांगायला लागलेले असतात. त्या डॉगच्या धड्याच्या शिक्षिकेने पाचव्या महिन्यात मला न विचारताच एक क्लिप पाठवली. सोबत लिहिलं होतं: “यात मी बोललेले शब्द मोजा. मी मोजलेत, पण तुमचा आकडा आधी सांगा.”